आहाराची क्षेत्रमर्यादा आणि अपवादाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित पाठ)



सोलापुरातील एखाद्या सर्वसाधारण घरातील दुपारचे ताट डोळ्यांसमोर आणावे. ताटात ज्वारीची भाकरी आहे, तुरीचे वरण आहे, एखादी पालेभाजी आहे, शेवटी गुळाचा खडा आहे. ज्वारी मंगळवेढ्याची, म्हणजे हाकेच्या अंतरावरची. हळद सांगलीच्या पेठेतून आलेली, गूळ कोल्हापूरचा. इथवर ताट मुलखाचे आहे. परंतु वरणातील तूर पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक, मलावी किंवा टांझानियातून, अथवा म्यानमारमधून आलेली असू शकते. भारताने २०१६ साली मोझांबिकशी तुरीच्या आयातीसाठी सामंजस्य करार केला आणि पुढे त्याची मुदतही वाढवली. फोडणीचे तेल सूर्यफुलाचे असेल तर ते बहुधा युक्रेन, रशिया किंवा अर्जेंटिनातून आलेले असते. पामचे असेल तर इंडोनेशिया किंवा मलेशियातून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरूनच येते. त्या तेलात पडणारी हिंगाची चिमूट अफगाणिस्तान, इराण किंवा उझबेकिस्तानच्या डोंगरातली असते. ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य आहे, त्या घरातील फोडणी तर हिंगावाचून पुरी होतच नाही.

हे अंतर एरवी जाणवत नाही. ते जाणवले २०२२ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल तेलाची आवक अडखळली. २८ एप्रिल रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. ती २३ मे रोजी पुन्हा सुरू झाली. हजारो मैलांवरील दोन घटनांनी येथील गृहिणीच्या तेलाच्या बुधलीला हात घातला. आणि याच सोलापूर व मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत एके काळी करडईची पिवळी शेते दूरवर पसरलेली असत, गावोगाव तेलाचे घाणे फिरत असत, ही आठवण अद्याप पुसलेली नाही.

अशा वेळी ‘जवळ पिकते तेच खावे’ हा विचार मनाला सहज पटतो. अडचण त्याच्या पुढच्या पावलावर येते. जवळचे म्हणजे किती जवळचे? चहाचे काय? मिठाचे काय? हिंगाचे काय? आजारी माणसाला वैद्याने दूरचे फळ सांगितले तर काय? एक अपवाद केला की दुसरा का नको? बहुतेक चांगले संकल्प या प्रश्नापाशी येऊन मोडतात. कोणी अपवादच नको म्हणून हट्ट धरतो आणि महिनाभरात थकतो. कोणी एकेक अपवाद करीत जातो आणि शेवटी नियमाचे केवळ नाव उरते. म्हणून मर्यादेइतकाच अपवादाचाही विचार गांभीर्याने करणे आवश्यक आहे.

अलीकडचे प्रयोग

या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत या विषयावर काही प्रामाणिक प्रयोग झाले. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात राहणाऱ्या अ‍ॅलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन या दांपत्याने २००५ च्या वसंतारंभी एक वर्षाचा नियम घेतला : घरापासून शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या आत पिकलेलेच अन्न घरी शिजवायचे. त्यांना साखर सोडणे जमले. अडले ते गव्हापाशी. त्या परिसरात गहू मिळेना आणि कित्येक महिने पावाची जागा बटाट्याने घेतली. मात्र मित्राच्या घरी जेवायला गेल्यास तेथे वाढलेले खाण्याची मुभा त्यांनी आरंभीच ठेवली होती. नियमापायी माणसे तुटू नयेत, एवढाच त्यातील आशय.

अमेरिकेतील लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या कुटुंबाने व्हर्जिनियातील आपल्या शेतावर असाच वर्षभराचा प्रयोग केला आणि त्याचा वृत्तांत २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या घरातील अपवादाची रीत लक्षणीय आहे. प्रत्येक सदस्याला एकेक दूरची वस्तू निवडण्याची मोकळीक होती. पतीने कॉफी मागितली, एका मुलीने सुकामेवा, धाकटीने पेय म्हणून घेण्याचा चॉकलेट, आणि स्वतः लेखिकेने मसाले. अट एवढीच, की ती वस्तू बेताने वापरायची, आणि ज्याने ती पिकवली त्याच्या पदरात अधिकात अधिक पडेल अशा मार्गानेच ती विकत घ्यायची. बिल मॅकिबन या लेखकाने व्हर्मांट राज्यातील हिवाळा परिसरातील अन्नावर काढला, तेव्हा मसाल्यांपुरती सूट ठेवली आणि तिला तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याचे नाव दिले. वाळलेले, हलके, जहाजावर नासणार नाही असे जे त्या काळच्या प्रवाशाने दुरून आणले असते, ते चालेल, असा तो विनोदाने सांगितलेला पण विचारपूर्वक आखलेला दंडक होता.

२००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत अशा आहाराचे व्रत घेणाऱ्यांसाठी ‘लोकाव्होर’ हा नवा शब्द घडवला गेला, आणि २००७ मध्ये अमेरिकेतील ऑक्सफर्ड शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. शब्द नवा होता. विचार मात्र भारताला नवा नव्हता.

स्वदेशीतील सूट

१९१६ च्या फेब्रुवारीत मद्रास येथील मिशनरी परिषदेपुढे बोलताना गांधीजींनी स्वदेशीची व्याख्या केली. दूरचे बाजूला ठेवून निकटच्या परिसराचीच सेवा आणि निकटच्याच वस्तूंचा वापर करण्याची वृत्ती म्हणजे स्वदेशी, असा तिचा भावार्थ होता. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचे काम चालले. आहाराचा प्रश्न हा गावातील हातांना काम मिळण्याचा प्रश्न आहे, ही दृष्टी तेथे घडली.

परंतु याच गांधीजींनी १९२५ मध्ये ‘यंग इंडिया’त उघडपणे नमूद केले, की शस्त्रक्रियेची उपकरणे इंग्लंडची, घड्याळे स्वित्झर्लंडची आणि उत्तम ग्रंथ कोणत्याही देशाचे आपण घेतो; कापड मात्र इंचभरही परदेशी घेणार नाही. ज्या वस्तूच्या आयातीमुळे शेजाऱ्याची भाकरी हिरावली जाते, तेथे नियम कठोर. जी वस्तू येथे होत नाही आणि जिच्यावाचून सेवा अडते, तेथे सूट. अपवादांची यादी त्यांनी लपवली नाही, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्यांच्याच जीवनातील दुसरा प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ साली आफ्रिकेत घेतले होते. पुढे भारतात मोठे आजारपण आले, शरीर क्षीण झाले आणि डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले, की शेळीच्या दुधाला हरकत नसावी. व्रत घेताना मनात गाई-म्हशीचेच दूध होते, म्हणून गांधीजींनी ते स्वीकारले. आत्मकथेत मात्र त्यांनी स्वच्छ कबुली दिली, की व्रताचे अक्षर राखले गेले, आत्मा राखला गेला नाही. आणि ही खंत त्यांना पुढेही बोचत राहिली. आजारपणाची सूट आधीच बोलून ठेवली असती तर ही बोचणी राहती ना. अपवाद आधी ठरवणे आणि अडचण आल्यावर शब्दाच्या फटीतून तो शोधणे, यांतील अंतर या प्रसंगातून दिसते.

आनंद श्रावकाची यादी

आधी ठरवलेल्या अपवादाचा फार जुना नमुना उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात आहे. वाणिज्यग्रामातील आनंद हा गृहपती अत्यंत संपन्न होता. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ, असे त्याचे वैभव वर्णिले आहे. भगवान महावीरांपुढे त्याने श्रावकाची व्रते घेतली, तेव्हा भोगोपभोगाची मर्यादा एकेक वस्तूचे नाव घेऊन केली. भात कलमशालीचाच, तूप शरद ऋतूतील गाईचेच, वरण ठरावीक तीन कडधान्यांचेच, पाणी आकाशातून पडलेलेच, आणि तोंडाला सुगंधासाठी पाच सुगंधी द्रव्यांचा विडा तेवढा. ‘याखेरीज इतर सर्वांचा त्याग’ अशी प्रत्येक वाक्याची घडण आहे.

ही घडण विचार करण्यासारखी आहे. आनंदाने त्याज्य वस्तूंची यादी केली नाही. राखून ठेवलेल्या वस्तूंची केली. त्याचे व्रत म्हणजेच त्याच्या अपवादांची यादी होय, आणि ती मोजता येण्याइतकी लहान होती. कोट्यधीश गृहस्थाच्या त्यागाचे माप त्याने काय टाकले यापेक्षा त्याने किती थोडे ठेवले यावरून घेता येते.

त्या यादीतील विडा आणखी काही सांगतो. अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी यांनी पाच सुगंधांची नावे दिली आहेत : वेलदोडा, लवंग, कापूर, कंकोळ आणि जायफळ. यांपैकी लवंग आणि जायफळ ही झाडे अठराव्या शतकापर्यंत केवळ आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवर होत असत. म्हणजे टीकाकाराच्या काळातील वाचकासमोर जो विडा होता, त्यात समुद्रापारचा माल होताच. मॅकिबनने मार्को पोलोच्या नावे मागितलेली सूट श्रावकाच्या यादीत तिच्या कितीतरी आधी येऊन बसली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. या व्रतांचा हेतू मालवाहतूक कमी करणे हा नव्हता. तृष्णेला आणि तिच्यापोटी घडणाऱ्या हिंसेला कुंपण घालणे हा होता. दिग्व्रताने जी सीमा ठरते, तिच्या बाहेरच्या क्षेत्रापुरता गृहस्थ आरंभ-समारंभातून मोकळा होतो आणि तेवढ्या क्षेत्रात त्याची अणुव्रते जणू महाव्रतांच्या पंक्तीला बसतात, असे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रतिपादन आहे. रोज धारण करण्याच्या चौदा नियमांतही ‘द्रव्य’ आणि ‘दिशा’ हे दोन नियम एकाच यादीत येतात. काय खायचे आणि कोठवर जायचे, हे दोन्ही दररोज ठरवायचे. कोठवरचे खायचे, हा प्रश्न या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

आगार आणि अतिचार

प्रत्याख्यान घेताना जी सूट आधी उच्चारून ठेवली जाते, तिला ‘आगार’ म्हणतात. नवकारसीला दोन आगार आहेत : अनाभोग, म्हणजे विस्मरणाने घडलेले, आणि सहसाकार, म्हणजे अकस्मात, इच्छेविना मुखात गेलेले. पोरसीला सहा, एकासण्याला आणि आयंबिलला आठ. त्यांत सर्वसमाधिप्रत्यय हा आगार आजारपणातील औषधासाठी आहे, आणि महत्तर हा आगार वडिलधाऱ्यांच्या आज्ञेने येणाऱ्या मोठ्या कार्यासाठी. मनुष्य विसरतो, आजारी पडतो, कोणाच्या तरी शब्दाला बांधलेला असतो, हे मान्य करूनच व्रताची रचना झाली आहे. आगार ही व्रतातली पळवाट नसून व्रताचाच भाग आहे.

याच्या समोर ‘अतिचार’ हा शब्द आहे. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे आणि देशव्रताचे प्रत्येकी पाच अतिचार गणले आहेत, आणि ते आजच्या बाजाराचे वर्णन वाटावे इतके अचूक आहेत. देशव्रताचा पहिला अतिचार आनयन : स्वतः सीमेच्या आत बसून बाहेरची वस्तू मागवणे. दुसरा प्रेष्यप्रयोग : आपण न जाता दुसऱ्याला पाठवणे. तिसरा शब्दानुपात : सीमेबाहेरच्या माणसाला आवाजाने खुणावून काम करून घेणे. फोनवरून मागणी नोंदवावी आणि न्यूझीलंडचे किवी फळ तासाभरात दारात यावे, या व्यवहारात या तिहींचा संगम आहे. दिग्व्रताच्या अतिचारांपैकी क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने सीमा वाढवणे, आणि स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली सीमाच विसरणे, हे दोन तर संकल्प करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे असतील. पहिल्या महिन्यात ‘जवळचे’ म्हणजे शंभर किलोमीटर असते, चौथ्या महिन्यात ते महाराष्ट्र होते आणि वर्षअखेर भारतभर पसरते.

सूट तीच असली, तरी ती तृष्णा जागण्यापूर्वी उच्चारली तर आगार होते आणि तृष्णा जागल्यावर घेतली तर अतिचार होतो. स्थानिक आहाराच्या अपवादांचा निवाडा करण्यासाठी याहून सोपी कसोटी सापडणे कठीण.

अंतर हाच एक दोष नव्हे

या विचाराच्या मर्यादाही प्रांजळपणे मांडल्या पाहिजेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ मध्ये तेथील सरासरी कुटुंबाच्या आहाराचा हिशेब मांडला. त्या आहारामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ८३ टक्के वाटा उत्पादनाचा निघाला. सर्व टप्प्यांवरील वाहतुकीचा वाटा ११ टक्के, आणि त्यातही उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या प्रवासाचा केवळ ४ टक्के. तांबडे मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आठवड्यातून एक दिवस टाळून वनस्पतिजन्य आहार घेतल्यास, सगळेच अन्न जवळून घेण्यापेक्षा अधिक लाभ होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. दूध-तुपावर भर असलेल्या शाकाहारी घरांनाही त्यातून थोडे शिकण्यासारखे आहे.

जवळचे म्हणजे निर्दोष, असेही नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पावसाळ्यानंतर काळ्या मातीत उरलेल्या ओलीवर येते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच जिल्ह्यात उसाची साखरही होते, पण ऊस वर्षभर पाणी पितो. सोलापूरकराला दोन्ही सारखीच जवळची. पाण्याच्या हिशेबात दोन्ही सारखी नाहीत. जेथे पाणी थोडे आहे तेथे केवळ जवळ पिकले म्हणून साखरेला ज्वारीच्या पंक्तीला बसवता येणार नाही.

आणि ‘मूळचे’ म्हणजे तरी काय? महाराष्ट्रात उपवासाला घरोघर होणारी साबुदाण्याची खिचडी घ्यावी. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा ही चारही पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आदी युरोपीय व्यापाऱ्यांच्या काळात ती भारतात आली. शेंगदाणा आज येथील मातीचाच झाला आहे, त्याला परका म्हणणे हास्यास्पद ठरेल; साबुदाणा मात्र आजही मुख्यतः तमिळनाडूतील सेलमच्या परिसरातून येतो. पिकाचे कूळ कोठले यापेक्षा ते आज कोणाच्या शेतात, कोणत्या पाण्यावर, कोणाच्या हाताने येते, हे विचारणे अधिक सार्थ.

मग जवळच्या अन्नाचा आग्रह कशासाठी? जवळचे शेत पाहता येते, यासाठी. तेथे कोणते औषध फवारले, मजुरीला काय मिळाले, विहीर किती खोल गेली, हे विचारता येते. आपल्या घासामागील हिंसा जेथे डोळ्यांना दिसते, तेथे ती कमी करण्याची इच्छा होते. मोझांबिकमधील शेतकऱ्याला तुरीचा काय भाव मिळाला, हे सोलापूरच्या दुकानदारालाही ठाऊक नसते. दृष्टीआड झालेल्या गोष्टीबद्दल विवेक चालत नाही.

अपवाद कसा ठरवावा

एवढ्या विवेचनानंतर व्यवहाराकडे वळता येईल. एखाद्या कुटुंबाने असा नियम घ्यायचा ठरवल्यास प्रत्येक दूरच्या वस्तूला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ही वस्तू येथे पिकू शकते काय? हिंग येथे होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचलातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावून प्रयत्न आरंभला, पण सोलापूरच्या उन्हात ते झाड येणार नाही. चहा येत नाही. मीठ समुद्राचेच, देशावरील माणसाने ते सदैव दुरूनच आणले आहे, आणि आजचे आयोडीनयुक्त मीठ तर आरोग्यासाठी आवश्यक आहे. या वस्तूंना सूट देण्यात संकोच नसावा. तूर आणि तेल यांची गोष्ट वेगळी. तूर महाराष्ट्रात भरपूर पिकते. नवापूरच्या तूरडाळीला तर २०१६ साली मानांकनही मिळाले. करडई आणि भुईमूग येथलेच. ही जी येथे होऊ शकते आणि तरीही दुरून येते, ती वस्तू अपवादाच्या यादीत घालू नये. ती ‘बदलायची आहे’ अशा निराळ्या यादीत घालावी आणि तिच्यासाठी मुदत ठरवावी.

दुसरा प्रश्न : ही वस्तू चिमटीत मावते की पोत्यात? हिंग, वेलदोडा, केशर चिमटीत मावतात. संपूर्ण भारत वर्षाला सुमारे १२०० टन कच्चा हिंग आयात करीत असल्याचा आकडा २०२० मध्ये सांगितला गेला; कोट्यवधी घरांत विभागला तर तो घरटी काही ग्रॅमच होतो. तेल, डाळ आणि धान्य मात्र पोत्यांनी आणि डब्यांनी येते. मर्यादेचा सारा भार त्यांच्यावरच आहे. चिमटीतल्या वस्तूवरून वाद घालीत बसावे आणि डब्याकडे दुर्लक्ष करावे, हा नेहमीचा प्रमाद होय.

तिसरा प्रश्न : ही सूट जिभेसाठी आहे की जीवासाठी? रुग्णाला, गर्भवतीला, बालकाला वा वृद्धाला वैद्याने सांगितलेले अन्न कोणत्याही सीमेपलीकडून आणावे. सर्वसमाधीचा आगार त्याचसाठी आहे. जिभेसाठी सूट असूच नये असे नाही. किंगसॉल्व्हर कुटुंबाप्रमाणे ती माणशी एक असावी, तिचे नाव आधी घ्यावे आणि ती तेवढीच राहावी. ज्याला चहा हवा त्याने चहा मागावा. पुढच्या आठवड्यात त्याने कॉफीही मागू नये.

चौथा प्रश्न : दुसऱ्याच्या घरी काय? तेथे यजमानाचा शब्द हीच मर्यादा. आपल्या व्रतातील धर्मनियमांपुरता आग्रह जरूर असावा. परंतु वरणातील तूर कोठली, अशी चौकशी पाहुण्याने पंगतीत करू नये. नियमाचा अहंकार हाही एक भोगच आहे, आणि तो कोणत्याही यादीत राखून ठेवता येणार नाही.

नियम कोणाला, आणि भार कोणावर

याखेरीज दोन गोष्टींचे भान अगत्याचे. पहिली म्हणजे हा नियम ज्याला निवड आहे त्याच्यासाठी आहे. घाणीचे तेल रिफाइन्ड तेलाहून महाग पडते. शिधापत्रिकेवरील गहू-तांदळावर ज्याचे घर चालते त्याला ‘तुझा तांदूळ कोठला’ हे विचारणे अन्यायाचे. रेशनच्या गव्हा-तांदळामुळे महाराष्ट्रातील गरिबाच्या ताटातील ज्वारी मागे पडली, हे खरे. पण तिला परत आणण्याची जबाबदारी खरेदीची ऐपत असलेल्यांनी आधी उचलली पाहिजे. त्यांनी ज्वारीला योग्य भाव दिला तरच शेतकरी ती पेरील. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. वर्ष सरले, भाकरीची गरज सरली नाही.

दुसरी गोष्ट घरातील. नियम बहुधा बैठकीच्या खोलीत ठरतो आणि पाळला जातो तो स्वयंपाकघरात. करडईचे तेल कोठे मिळेल याची शोधाशोध, डाळ निवडण्याचे वाढलेले काम, पावसाळ्यात भाजी तुटपुंजी झाल्यावर रोजचा प्रश्न, हे सारे बहुतेक घरांत स्त्रीच्याच वाट्याला येते. म्हणून आगारांची यादी तिच्या संमतीखेरीज करू नये. मर्यादेचे पुण्य एकाने घ्यावे आणि श्रम दुसऱ्याने करावेत, याला संयम म्हणता येणार नाही.

एक शंका राहते. नाशिकचा द्राक्षबागायतदार, जळगावचा केळीवाला, कोकणातील हापूसचा बागाईतदार, हे सर्व दूरच्या गिऱ्हाइकावर जगतात. उद्या सारे जग आपापल्या शंभर मैलांत जेवू लागले तर त्यांनी काय करावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे, की रोजचे पोट भरणारे अन्न, म्हणजे धान्य, डाळ, तेल आणि भाजी, जवळून घ्यावे; ऋतूतून एकदा येणारी, हंगामाची, आनंदाची वस्तू दुरून आली तर ती आधी ठरवलेल्या सुटीत बसू शकते. मुंबईच्या घरात मे महिन्यात येणारी आंब्याची पेटी आणि बारा महिने दुसऱ्या गोलार्धातून येणारी फळे यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. नियमाने दूरच्या शेतकऱ्याला तोडू नये, फक्त जवळच्याचा पहिला हक्क मान्य करावा.

प्रारंभ कोठून करावा? देशव्रताला काळाची मर्यादा असते; एक दिवस, एक पक्ष, चार महिने. चातुर्मासात साधू-साध्वी एका क्षेत्रात स्थिर राहतात. गृहस्थानेही त्या चार महिन्यांपुरती ताटाची सीमा आखून पाहावी. आरंभीच्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर तीन याद्या कराव्यात : जवळून घ्यायचे ते, आगार म्हणून राखलेले ते, आणि सावकाश बदलायचे ते. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. चार महिन्यांत आगारांच्या यादीत एकही नवे नाव घालू नये. घालावेसे वाटले तर ते पुढच्या वर्षीच्या कागदासाठी थांबवावे. चातुर्मास संपल्यावर पुन्हा बसावे, जे जमले नाही ते प्रामाणिकपणे खोडावे आणि जे जमले ते पुढे चालवावे.

वाणिज्यग्रामातील त्या गृहपतीने सारे वैभव एका क्षणात टाकले नाही. त्याने विड्याचीही सूट ठेवली, पण नाव घेऊन ठेवली आणि तिथेच थांबला. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी, गावच्या घाणीचे तेल आणि त्या तेलात दूरदेशीच्या हिंगाची एक चिमूट, एवढे ताट आजच्या गृहस्थाला नक्कीच साधण्याजोगे आहे. ती चिमूट कोठून आली हे घरातील लहान मुलालाही सांगता यावे, इतकी ती यादी छोटी असावी, म्हणजे झाले.